उताणं झोपून पाहिलेलं कॉकपिट

तांदूळ निवडताना खडा सापडला तर कोणी दचकत नाही. पण एकदा आमच्या आईला तांदळात विमानाच्या इजेक्शन सीटचं हँडल सापडलं. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एवढीशी कडी, तिळापेक्षा जरा मोठी. तिला वाटलं कसला तरी किडा आहे. ती तो नखाने चिरडणार एवढ्यात मी स्वयंपाकघरात शिरले आणि अशी ओरडले, की तिच्या मांडीवरचं ताट कलंडलं. मग आम्ही दोघी मोबाइलचा टॉर्च लावून फरशीवर रांगत होतो. हँडल मिळालं. तांदूळ मात्र पुढे कितीतरी दिवस पायाला टोचत राहिले. आईने एवढंच विचारलं, की असल्या विमानातून उडी मारायला बसणार कोण, मुंगी?

हे माझं वेड आहे आणि मला त्याची काडीची लाज नाही. पन्नाशीला आले. दादरला एका डेंटल लॅबमध्ये दात बनवते, म्हणजे कॅप, ब्रिज, कवळ्या. संध्याकाळी परळला घरी येते, चहा घेते आणि प्लास्टिकची छोटी विमानं बनवायला बसते. लॅबमधल्या मुली म्हणतात, ताई, दिवसभर डोळे फोडून घरी परत तेच? त्यांना काय सांगणार. दात चांगला झाला तर तो कोणाच्या लक्षातच येत नाही, आणि जातो दुसऱ्याच्या तोंडात. विमान माझं असतं आणि माझ्या शेल्फवर राहतं.

आम्ही टॉवरमध्ये राहतो, पण टॉवर उभा आहे तो आमच्याच चाळीच्या जागेवर. आजोबा रत्नागिरीकडून येऊन गिरणीला लागले होते, तेव्हापासूनची खोली. चाळ पाडली आणि आम्ही सतराव्या मजल्यावर आलो. खिडकीशी जिथे आईला वॉशिंग मशीन हवं होतं तिथे माझं टेबल आलं आणि मशीन बाथरूममध्ये कोंबावं लागलं. त्यावरून ती अजून टोमणे मारते. सकाळची वंदना झाली की ती बुद्धाच्या मूर्तीजवळची धूळ पुसते आणि त्याच फडक्याने माझ्या विमानांकडे वळते. दरवेळी कुठलं तरी चाक नाहीतर अँटेना मोडते. मी चिडते. ती म्हणते, धूळ बसलेलं विमान बघणार कोण. हे आमचं रोजचंच.

विमानाचा किट, म्हणजे सुट्या भागांचं खोकं, विकत मिळतो. पंख, पोट, शेपूट, सगळं ठीकठाक असतं. पण कॉकपिट म्हटलं की ह्या किटवाल्यांचा हात आखडतो. एक सपाट पट्टी देतात आणि तिच्यावर चिकटवायला डायलचं स्टिकर. तिथे माझ्या डोक्यात तिडीक जाते. अरे, माणूस बसतो ती जागा आहे ती. म्हणून कॉकपिट मी पहिल्यापासून स्वतः बनवते, घरात असेल त्यातून. सीटचे पट्टे गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदातून कापायचे. वायरींसाठी लालबागचा मोटर वाइंडिंगवाला केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे तुकडे पुडीत बांधून देतो आणि दरवेळी विचारतो, ताई, तुम्ही नक्की कसली मोटर भरताय? मेणबत्तीवर प्लास्टिकची काडी तापवून ओढली की तिचा दोरा होतो, त्या दोऱ्याचे तुकडे म्हणजे बटणं. हत्यारं लॅबमधून झिजून बाद झालेली.

डायल करायला खरा जीव लागतो. पातळ पांढऱ्या प्लास्टिकमधून जाड पोकळ सुईने मोहरीएवढी टिकली पाडायची. तिला काळा रंग द्यायचा. तो वाळला की बारीक टोकाने खरवडायचं, म्हणजे खालचं पांढरं वर येतं. तोच डायलचा काटा आणि तेच आकडे. वर बिनरंगी नेलपॉलिशचा एक थेंब सोडला की काच झाली. हे सगळं श्वास रोखून करायचं. शिंक आली तर बोंबला.

पप्पा एअर फोर्समध्ये होते. विमान उडवणारे नव्हेत, इन्स्ट्रुमेंट फिटर. पायलटच्या समोर जे पॅनेल असतं, त्यातली वेगाची, उंचीची, इंधनाची यंत्रं बसवणारे आणि दुरुस्त करणारे. हे ते कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकतात, कारण चाळीत सगळे त्यांना पायलट समजायचे आणि ते त्यांना आवडायचं नाही. माझ्या विमानांना ते हसायचे. उडत नाही ते कसलं विमान, म्हणायचे. मी एवढी कॉकपिटं बनवली, एकातही त्यांनी कधी डोकावलं नाही. मला त्याचा राग होता. मनातल्या मनात नाही, चांगला बोलून दाखवलेला.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. कडेचं दिसत राहतं, मधोमध डाग. डाव्या डोळ्याचं होऊन गेलं होतं. उजव्यालाही सुरुवात झाली होती आणि तो जमेल तितका टिकावा म्हणून त्यात इंजेक्शनं चालली होती. किती टिकेल, असं मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, ते सांगता येत नाही. डॉक्टरांचा काही दोष नव्हता, तरी मी त्यांच्यावर चिडले.

असंच एकदा इंजेक्शन घेऊन आम्ही टॅक्सीने घरी येत होतो. सिग्नलला गाडी थांबली होती. पप्पा डोळ्यावर पट्टी लावून बसले होते.

"बाय, माझं विमान कर," ते म्हणाले. "डोळा आहे तोवर एकदा आतून बघून घेतो."

त्यांचं विमान म्हणजे नॅट. छोटंसं लढाऊ जेट. मी बरं म्हटलं आणि खिडकीबाहेर तोंड फिरवलं, कारण मला रडू आलं होतं आणि टॅक्सीवाला आरशातून बघत होता.

त्या दिवसापासून घरात एकच गोष्ट. उजवा डोळा जायच्या आत नॅटचं कॉकपिट व्हायला हवं. किट आला. पंख-बिंख मी बाजूला ठेवले आणि थेट आत शिरले. पॅनेलची मांडणी कुठून घ्यायची? तर काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला, पप्पा घरातच आहेत. त्यांना खुर्चीवर बसवलं, हातात कागद घेतला आणि म्हटलं, सांगा, कुठे काय होतं.

त्यांना काही सांगताच येईना. वेगाचं इथे, नाही, थांब, इथे. तासभर नुसता गोंधळ. वय झालं, विसरले, असं मला वाटलं. त्यांनाही ते कळलं असणार. ते उठले, दिवाणावर जाऊन उताणे झोपले, पाय उचलून भिंतीला टेकवले आणि दोन्ही हात वर हवेत धरले. आणि मग असे सांगायला लागले, की माझा हात लिहून दुखला. उजव्या हाताला वरती हे, त्याच्या खाली घड्याळ, मधे मोठं ते, डाव्या हाताला उंचीचं, त्याच्या बाजूला तिरकी नळी येते ती जपून, तिथे बोट अडकतं. बोलताना त्यांची बोटं हवेत नट फिरवत होती. आई दारात उभी राहून बघत होती. तिने मला खुणेने सांगितलं, थांबवू नकोस.

ते असे का झोपले, तेही त्यांनी सांगितलं. नॅटचं कॉकपिट म्हणजे बादली. पॅनेलच्या मागे हात घालायला जागाच नाही. मग सीट उचलून बाहेर काढायची आणि अंगाने बारीक असलेल्या माणसाला डोकं पुढे करून आत सारायचं. तो उताणा, डोकं पॅनेलखाली, पाय सीटच्या जागी. तिथून वर हात करून तो सगळी यंत्रं जोडणार. दुसरा माणूस बाहेर शिडीवर, वाकून वरून बघणार. पप्पा तेव्हा काडी होते. त्यामुळे खाली कायम तेच जायचे.

मी इंटरनेटवर फोटो पाहिले नाहीत असं नाही. पाहिले. कुठल्या कुठल्या म्युझियममधली विमानं, निम्मी डायल गायब, फोटोही अंधुक. जे काही दिसत होतं ते पप्पांच्या सांगण्याशी जुळत नव्हतं. मी त्यांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले की फोटो उलटा छापला असणार. आणि मी ते मानलं. माझ्यासारखी, जी लॅबमध्ये डॉक्टरांनी पाठवलेल्या मापावरही विश्वास ठेवत नाही, तिने ते डोळे मिटून मानलं. पप्पांचे हात खोटं बोलणार नाहीत, एवढंच मला माहीत होतं.

पॅनेल झालं. करंगळीच्या नखाहून जरासं मोठं. त्यावर मोहरीएवढी डायल, मधल्या मोठ्या डायलमध्ये आडवी रेघ, प्रत्येकात खरवडून काढलेले काटे. मागच्या बाजूला तांब्याच्या तारा सोडल्या, पप्पांनी सांगितलेली ती तिरकी नळीसुद्धा. विमानाचं पोट जोडल्यावर त्या कोणाला दिसणार नव्हत्या, पण त्या नसत्या तर ते त्यांचं पॅनेल झालं नसतं.

एका रविवारी सकाळी चांगल्या उजेडात मी ते खिडकीशी ठेवलं आणि लॅबचं भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उजवा डोळा लावला. मान जरा इकडे, जरा तिकडे, डाग चुकवत चुकवत कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, बरोबर आहे. अगदी बरोबर. आणि भिंग खाली ठेवून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आमच्या घरात असलं काही होत नाही. मी खूश झाले, इतकी खूश झाले की खाली जाऊन जिलेबी आणावी असं मनात आलं.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिचे मोतीबिंदू काढलेले, नजर घारीसारखी. तिने ते भिंग उचललं, आत बघितलं आणि म्हणाली, हे घड्याळ ह्या बाजूला कसं?

पप्पा म्हणाले, त्याच बाजूला असतं.

आई म्हणाली, नाही. आणि तिने जे सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मी तान्ही असताना हवाई तळावर फॅमिली डे होता. बायकामुलांना विमानं दाखवायची होती. पप्पा मला कडेवर घेऊन खाली उभे राहिले आणि आई साडी सावरत शिडी चढून नॅटमध्ये जाऊन बसली. सगळ्या बायका आत बसल्या की खाली बघून हात हलवायच्या. आईने समोर बघितलं. तिच्या डाव्या मनगटावर लग्नातलं घड्याळ होतं आणि पॅनेलवरचं घड्याळही त्याच हाताला होतं. तिने दोन्ही ताडून पाहिली. विमानाचं घड्याळ पुढे होतं. खाली उतरून तिने पप्पांना ते सांगितलं आणि पप्पांना एवढं लागलं, की जेवणापर्यंत बोलले नाहीत.

मी केलेल्या पॅनेलवर घड्याळ उजवीकडे होतं.

पप्पांचा पारा चढला. ते सहसा आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. "तू दोन मिनिटं बसलीस," ते म्हणाले. "मी हयात घालवली त्याच्यात."

"हयात घातलीत हो," आई म्हणाली. "पण बसलात कधी?"

मला आईचा इतका राग आला की विचारू नका. माणूस आयुष्यभराचं काहीतरी बघून समाधानी झाला होता. राहिलं असतं घड्याळ उजवीकडे. कोण येणार होतं बघायला? मी तिला स्वयंपाकघरात गाठून तसं स्पष्ट सांगितलं. ती पोळपाट पुसत म्हणाली, मी खोटं बोलू का मग? ह्या बाईला तोंड आवरता येत नाही आणि मी तिचीच मुलगी, त्यामुळे आमचं बराच वेळ चाललं.

बाहेर आलो तर पप्पा दिवाणावर उताणे झोपलेले. हात हवेत. उजव्या हाताने घड्याळाची जागा धरली. मग हात तसाच ठेवून ते हळूहळू उठून बसले, पाय खाली सोडले, पायलट बसतो तसे ताठ बसले, आणि तोच हात समोर नेला. मग परत झोपले. परत उठले. मी बघत होते आणि तिसऱ्यांदा ते उठले तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. डोकं पुढे करून उताण्या झोपलेल्या माणसाचा उजवा हात म्हणजे सीटवर बसलेल्या माणसाचा डावा. ते खालून सांगत होते आणि मी वरून लिहून घेत होते. सगळं पॅनेल आरशात पाहिल्यासारखं फिरलं होतं, एकूण एक डायल.

त्यांनाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण ते हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला, आईने पाणी आणून दिलं. म्हणजे बाय, फोटो सरळच होता की, ते म्हणाले. मीही हसले. मग त्यांचं हसू थांबलं. म्हणाले, की मला ते पॅनेल समोरून माहीतच नाही. शिडीवर कायम दुसरा. मी निघालो की सीट बसायची आणि पायलट यायचा. सगळी मला पाठमोरीच ठाऊक.

मी म्हटलं, पप्पा, राहू दे, तुम्ही पाहिलंत ना. तर ते म्हणाले, उलटं पॅनेल माझ्या हातून कधी बाहेर गेलेलं नाही आणि आत्ता जाणार नाही. नवीन कर. आणि जरा थांबून विचारलं, वेळ आहे ना?

मी आहे म्हटलं. मला काय माहीत होतं?

नवीन करायला घेतलं. लॅबमधून सुट्टी काढली. मालक म्हणाले, लग्न आहे का कोणाचं? मी म्हटलं, विमानाचं काम आहे. ते हसले, त्यांना थट्टा वाटली. टिकल्या पाडल्या, रंगवल्या, खरवडल्या. ह्या वेळी मनात सारखी घाई. घाईत नेलपॉलिशचा थेंब जास्त पडला आणि तीन-चार डायल एकत्र भिजून गेली. पुन्हा केली. आई आपणहून येऊन टेबलाशी बसायची, चिमट्यातून काही उडालं की तीच आधी खाली वाकायची, आणि फडकं तिने त्या खोलीत आणायचंच बंद केलं. तिला वाईट वाटत होतं. आम्ही दोघी नुसत्या भरभर कामाला लागलो होतो.

आणि एका सकाळी पप्पा उठले आणि म्हणाले, आज उजेड नाही का पडला? बाहेर ऊन होतं. उजव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. धावतपळत इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. रक्त हळूहळू ओसरलं, पण मधली नजर परत आली नाही. आता ते माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतात. चेहऱ्याच्या जागी डाग आहे, कडेने कानातले डूल दिसतात, असं त्यांनीच सांगितलं. मी तेव्हापासून मोठे डूल घालते.

पॅनेल त्याच आठवड्यात पूर्ण झालं. अगदी सरळ, घड्याळ डावीकडे. ते बसवून मी कॉकपिट त्यांच्यासमोर ठेवलं, दिवा लावला, भिंग दिलं. त्यांनी मान वाकडी केली, कडेच्या नजरेने प्रयत्न केला. दिवा जवळ घ्यायला सांगितला, मग लांब घ्यायला सांगितला. शेवटी भिंग टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, काळं दिसतंय काहीतरी. चांगलं झालं असेल.

झालं असेल. मला ते ऐकवलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. सगळ्यांचा राग आला, डोळ्यांचा, आईच्या घड्याळाचा, माझ्या घाईचा, त्या उताण्या झोपायच्या पद्धतीचाही. ते विमान उचलून सतराव्या मजल्यावरून खाली भिरकवावं असं वाटलं. माझा स्वभावच तसा आहे. तोंड धुऊन बाहेर आले तर आईने माझी खुर्ची ओढून घेतली होती, कॉकपिट दिव्याखाली धरलं होतं आणि भिंग डोळ्याला लावलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "झोपा तिकडे. मी वाचते."

पप्पा दिवाणावर उताणे झाले, पाय भिंतीला टेकवले, हात वर केले. आणि मग म्हणाले, "शिडी?"

आईला कळेना. त्यांनी समजावलं. खालच्या माणसाला काटे दिसत नाहीत, म्हणून काम झालं की तो आधी विचारतो, शिडीवर कोणी आहे का. वरचा म्हणतो, आहे. मग वरचा डावीकडून सुरुवात करून एकेक डायल वाचतो आणि खालचा प्रत्येकाच्या पाठीला हात लावून म्हणतो, लागलंय. एकही सोडायचं नाही. सगळी लागली की मगच खालचा माणूस बाहेर येतो.

"शिडी?"

"आहे," आई म्हणाली.

ती वाचायला लागली. तिला नावं कुठली माहीत. ती आपली दिसेल तसं सांगत होती. वरती डावीकडे एक काट्याचं, आकडे बारीक. पप्पांचा उजवा हात वर गेला, बोटांनी हवेत काहीतरी चाचपलं. वेगाचं, ते म्हणाले, लागलंय. त्याच्या खाली घड्याळ, आई म्हणाली, आणि ती जरा थांबली. पप्पा म्हणाले, लागलंय, पुढे. मधे मोठं, अर्धं काळं, अर्धं पांढरं, मधून आडवी रेघ. हॉरायझन, पप्पा म्हणाले, क्षितिजाचं, लागलंय. उजव्या अंगाला दोन काट्यांचं. उंचीचं. त्यांचा डावा हात गेला, त्याच्या बाजूच्या तिरक्या नळीला वळसा घालून गेला, मी पाहिलं. तिची मान डावीकडून उजवीकडे सरकत होती आणि त्यांचे हात उजवीकडून डावीकडे. दोघांचं कुठेही चुकलं नाही. मी दाराला टेकून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आता मला ते लपवायचंही नव्हतं. माझ्या आईबापाचं असं काही मी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटचं इंधनाचं होतं, खालच्या कोपऱ्यातलं. आईने ते सांगितलं, पप्पांनी लागलंय म्हटलं आणि हात तसेच वर ठेवून पडून राहिले. डोळे मिटलेले. आईने भिंग खाली घेतलं.

"दिसलं का हो?" तिने विचारलं.

"दिसलं," ते म्हणाले. "शिडीवरून असं दिसतं होय."

पप्पांनी हात खाली घेतले नाहीत.

"परत वाच," ते म्हणाले.

आईने भिंग उचललं आणि पुन्हा डावीकडून सुरुवात केली.